इंगोलेकाकांचा पाहणी दौरा

इंगोलेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या टेबलाखाली होते.

रविवारची सकाळ होती. दिल्लीतल्या द्वारकेत, आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये एक कॅफे आहे. रविवारी तिथे सगळं सेक्टर लोटतं. जॉगिंग करून आलेले, आंघोळ न करता आलेले, लहान मुलांच्या गाड्या, म्हाताऱ्यांच्या काठ्या, सगळे दारात रांग लावून उभे असतात. मी मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे आणि आठवडाभर पहाटे उठून डबे भरते. रविवारी कुणीतरी आपल्याला आयतं आणून वाढावं, एवढीच आयुष्याकडून माझी अपेक्षा उरली आहे. त्यामुळे रांगेत ताटकळून एकदाचं टेबल मिळालं की माझी मनःस्थिती फार नाजूक असते. अशा वेळी माझ्या गुडघ्यापाशी एक पांढरं डोकं दिसलं.

"हिलती है क्या?" डोक्यानं विचारलं.

माझी लेक सई दिल्लीतच जन्मलेली. ती म्हणाली, "आई, ये अंकल नीचे क्या कर रहे हैं?" मी तिला म्हटलं, गप्प बस, चष्मा पडला असेल त्यांचा. मराठी कानावर पडताच गृहस्थ टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले आणि नमस्कार करून म्हणाले, "उत्तम. म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. ही खुर्ची उजवीकडे कलते. तुम्हाला जाणवलं नसेल, कारण तुमचं वजन तिला जागेवर ठेवतंय."

माझा नवरा सतीश हसला. त्याच्याशी मी घरी जाईपर्यंत बोलले नाही.

चौकशीअंती कळलं की हे आमच्याच सोसायटीत मागच्या टॉवरमध्ये राहतात. मूळचे वाशीमकडचे, नोकरीचं सगळं आयुष्य दिल्लीत, आता निवृत्त. मी सरकारी नोकरीत आहे म्हटल्यावर त्यांनी मला तिथल्या तिथे 'मॅडम' करून टाकलं आणि मी कितीही सांगितलं तरी पुढे नीता म्हणून हाक मारली नाही. त्यांच्या मते नावानं हाक मारणं हे नातलगांचं काम, आणि आमचं नातं केडरचं होतं.

काकांची नोकरी दौऱ्यांची होती. मंत्री किंवा परदेशी पाहुणे कुठे जायचे असले की काका आधी जायचे. रस्ता बघायचा, विश्रामगृहाच्या गाद्या दाबून बघायच्या, नळाला पाणी येतं का, व्यासपीठाच्या पायऱ्या कशा आहेत, जेवणात काय आहे आणि पाहुण्यांना काय चालत नाही, हे सगळं बघायचं. पाहुणे पोचायच्या आधी इंगोले पोचलेले असत आणि पाहुणे जेवायला बसले की इंगोले पुढच्या गावी निघालेले असत. "ज्याचं काम कुणाच्या लक्षात येत नाही, त्याचं काम चोख," असं ते म्हणत. ते हे इतक्यांदा म्हणत, की त्यांचं काम आमच्या चांगलंच लक्षात आलं होतं.

निवृत्ती म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगितलेलं नसावं. सोसायटीत कुणीही कुठे निघालं की काका एक दिवस आधी तिथे जाऊन यायचे. सईच्या परीक्षेचं केंद्र जनकपुरीला आलं, तर आदल्या दिवशी हे मेट्रोनं जाऊन आले आणि संध्याकाळी आम्हाला अहवाल दिला: खिडकीजवळचा बाक घेऊ नये, बाहेर जनरेटर आहे. आता बाक निवडण्याचा हक्क परीक्षार्थींना नसतो, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. महाराष्ट्र मंडळाची पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला सहल गेली तेव्हाही तेच. आम्ही सगळे स्मारकासमोर माना खाली घालून उभे होतो, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काका पलीकडे ड्रायव्हरला सांगत होते की सावली सरकणार आहे, बस जरा पुढे घे. परत येताना ढाब्यावर पोचलो तर गरम पराठे तयार. काका मात्र नव्हते. ते पुढच्या थांब्यावर चहा सांगायला गेले होते.

असा माणूस आमच्या कॅफेतल्या खुर्च्या का हलवून बघतोय, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर त्यांनी पहिल्याच दिवशी देऊन टाकलं. "आमच्या मंडळींचा दौरा आहे," ते म्हणाले.

मंडळी म्हणजे वत्सलाकाकू. काकूंना त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला होता. त्यातून त्या पुष्कळ सावरल्या. बोलणं स्वच्छ झालं, हळूहळू चालायला लागल्या. उजवा हात तेवढा परत आला नाही. तेव्हापासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. लग्नाला नाही, हळदीकुंकवाला नाही, खाली बागेतसुद्धा नाही. व्यायाम करून घ्यायला बाई घरी यायच्या. काकू बाल्कनीत बसायच्या. त्यांच्या बाल्कनीतून कॅफेचं दार दिसतं. एका रविवारी तिथली झुंबड बघून त्या सहज म्हणाल्या, "एवढी माणसं काय खातात हो तिथं?"

झालं. काकांच्या दृष्टीनं ही तोंडी मंजुरी होती. काकूंना त्या कॅफेत नेऊन, चार माणसांत बसवून, गरम डोसा खाऊ घालायचा, असं त्यांनी ठरवलं. ते झालं की ती पुढे कुठेही जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा दार ओलांडलं पाहिजे.

पुढचे कित्येक रविवार आम्ही या दौऱ्याची तयारी बघितली. खरं सांगायचं तर माझ्या रविवारच्या नाश्त्याचं त्यांनी पार वाटोळं केलं. कॅफेचे मॅनेजर मनचंदाजी, अंगानं भरदार, स्वभावानं गरीब. काका त्यांच्या हात धुऊन मागे लागले. दाराशी एक उंच पायरी होती. तिच्या बाजूला लाकडी उतार करा. मनचंदाजी म्हणाले, मालक परवानगी देणार नाहीत. काकांनी मालकांना फोन केला, मग स्वतःच सुतार आणला. उतार झाल्यावर लहान मुलांच्या गाड्या त्यावरून सुरसुर जायला लागल्या आणि मनचंदाजी येणाऱ्याजाणाऱ्याला ती आपलीच कल्पना म्हणून सांगायला लागले. काकांनी हरकत घेतली नाही. ते लगेच कोपऱ्यातल्या स्पीकरकडे वळले, कारण त्याच्या खालचं टेबल त्यांनी काकूंसाठी मुक्रर केलं होतं. गाण्याचा आवाज कमी झाला. मग एसीची हवा थेट पाठीवर येते, ती फिरवून झाली. मग हातांची खुर्ची. मग बेसिनचा नळ, तो डाव्या हाताला पडत नाही.

"अंकलजी," मनचंदाजी एकदा हात जोडून म्हणाले, "ये कैफ़े है, राष्ट्रपति भवन नहीं है."

"वहाँ का इंतज़ाम आसान होता है," काका म्हणाले. "वहाँ सब लोग सुनते हैं."

गर्दीचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांच्या मते जॉगिंगवाले उठून जातात आणि उशिरा उठणारे अजून यायचे असतात, अशी मध्ये एक फट पडते. त्या फटीत पाहुण्यांना आत आणायचं. ही फट मी गेली कित्येक वर्षं शोधते आहे. मला ती सापडलेली नाही.

मग रंगीत तालीम झाली. तालमीला काकूंच्या जागी माणूस हवा होता. काकांनी सोसायटीतल्या सगळ्यांना डोळ्यांखालून घातलं आणि सतीशला निवडलं. कारण रविवारी त्याला दुसरं काही काम नसतं, हे त्यांनी हेरलं होतं. सतीश उंचापुरा, दाढीवाला, अंगात क्रिकेटच्या टीमचा टी-शर्ट. काका त्याला म्हणाले, "सतीशराव, उजवा हात सैल सोडा. पाय टाकताना घाई नको. मध्ये दमल्यासारखं करा." आणि त्याचा कोपर धरून त्यांनी त्याला सोसायटीच्या गेटपासून चालवत आणलं. मी आणि सई मागून, आपली काही ओळख नसल्यासारख्या. रांगेतल्या एका बाईंनी सतीशकडे बघून हळहळत तोंडानं च्च् च्च् केलं आणि "इतनी सी उमर में" असं म्हणून रांगेतला आपला नंबर त्याला दिला. सतीश आत जाऊन बसला, डाव्या हातानं इडली खाऊन मोकळा झाला, तेव्हा आम्ही दोघी अजून बाहेर उन्हात उभ्या होतो. यापुढे कुठल्याही रांगेत उजवा हात सैल सोडायचा बेत त्यानं त्या दिवशी घरी बोलून दाखवला.

एवढं सगळं होऊन काकू आल्या नाहीत.

दर रविवारी काका एकटेच यायचे. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत काकूंची उशी. आम्ही विचारायचो, "काय काका, आज?" आणि ते ठरलेलं उत्तर द्यायचे: "रद्द नाही. पुढे ढकललाय." कधी पाऊस होता, कधी हवा खराब होती, कधी काकूंचा गुडघा दुखत होता. काकू 'नाही' म्हणाल्या, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. सरकारी माणूस पाहुण्यांचा नकार कागदावर घेत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

मग एका रविवारी काका डाव्या हातानं डोसा खाताना दिसले.

खाताना म्हणजे झटापट करताना. डोसा एका हातानं तोडायचा तर त्याला अंगठ्यानं दाबून बोटांनी ओढावं लागतं, आणि उजव्या हाताच्या माणसाच्या डाव्या बोटांना हे कुणी शिकवलेलं नसतं. घास सांबारात पडत होता, सांबार शर्टावर पडत होतं. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. तो मदतीला धावून येऊ नये म्हणून.

"काका, आप लेफ्टी कब से हो गए?" सईनं विचारलं.

"सराव चालू आहे," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलले, "मॅडम, तिला वाटतं की डाव्या हातानं जेवताना लोक बघतात. आपल्याकडे लहानपणापासून डाव्या हातावर फटकाच बसलेला ना. म्हणून मी बघतोय, लोक खरंच बघतात का."

"मग? बघतात?"

"कुणी बघत नाही. सगळे आपापल्या मोबाईलमध्ये असतात. एक बाई बघत होत्या, पण त्या माझा शर्ट बघत होत्या."

मी हसले. हसता हसता मी हातातला घास परत प्लेटमध्ये ठेवला. हा माणूस आपल्या बायकोच्या आधी जाऊन तिची लाजसुद्धा तपासून येत होता. नळ, पायरी, खुर्ची, तसंच हेही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा माझ्या प्लेटमधला वडा दिला. तो त्यांनी डाव्या हातानं घेतला आणि खाली पाडला.

त्या आठवड्यात मी काकूंकडे गेले. काकांनी तसं सुचवलंच होतं. त्यांच्या भाषेत, एखादं शिष्टमंडळ जाऊन भेटलं तर बरं. काकू बाल्कनीत शाल पांघरून बसल्या होत्या. गोऱ्या, लहानखुऱ्या, डोळे मिश्कील. काका चहा करायला आत गेले, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, काकू, चला ना एकदा, सगळी तयारी झालीय.

"तीच तर भीती वाटते गं," काकू म्हणाल्या. "मला कळत नाही, मी डोसा खायला जायचंय का उद्घाटनाला."

आतून काका चहात किती साखर ते विचारत होते, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच ठरवतही होते. काकूंनी डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलून शालीखाली ठेवला. "बघू," त्या म्हणाल्या. मला सोडायला काका खाली आले, त्यांना मी काय सांगणार? मी म्हटलं, विचाराधीन आहे. त्यांना ते अगदी पटलं.

असा पुष्कळ काळ गेला. थंडी आली, धुकं आलं, धुक्यात विमानं तासन्‌तास रखडली आणि आमची वर्तमानपत्रंही. काका येत राहिले. पण इस्त्रीचा शर्ट आता स्वेटरखाली चुरगळलेला असायचा. एकदा ते नाश्ता न करताच उशी मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. मी सतीशला म्हटलं, हे आता थांबवायला पाहिजे. सतीश म्हणाला, कोण थांबवणार, तू? आणि आम्ही दोघांनीही ऑर्डर दिली.

पुढच्या रविवारी आठवडाभर दडलेलं ऊन निघालं. त्यामुळे सगळी द्वारका बाहेर पडली होती. कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हाला कसंबसं मधलं टेबल मिळालं होतं. काकांच्या कोपऱ्यातल्या टेबलावर फिरायला जाणाऱ्या निवृत्त मंडळींपैकी कुणाचातरी वाढदिवस चालला होता. मनचंदाजी सुट्टीवर होते, आणि त्यांच्या गैरहजेरीत गाणी पूर्ण आवाजात लागली होती. तेवढ्यात सई म्हणाली, "आई, देख."

दारात काका होते. आणि त्यांच्या शेजारी, निळं स्वेटर घालून, काकू.

लाकडी उतारावर कुणीतरी स्कूटर लावून ठेवली होती. काका स्कूटरकडे बघत होते, कोपऱ्याकडे बघत होते, स्पीकरकडे बघत होते. इतक्या महिन्यांची एकेक तयारी त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळत होती. चेहरा पांढरा पडला होता. मी धावले. काका काकूंना म्हणत होते, "अगं, आज परिस्थिती अनुकूल नाही. आपण पुढच्या रविवारी..."

"आता आलेय," काकू म्हणाल्या. "आता मी मागे फिरणार नाही."

आणि त्यांनी डाव्या हातानं दाराची चौकट धरली आणि ती उंच पायरी चढल्या.

सतीश आणि सई उठून खिडकीच्या उंच स्टुलांवर गेले. मी काकूंना आमच्या टेबलाशी बसवलं. माझ्या समोरची खुर्ची काकूंना, शेजारची काकांना. काकू बसल्या. काका बसले नाहीत. ते काकूंच्या मागे उभे राहिले, खांद्यावर नॅपकिन टाकून. मी खुर्ची ओढून दिली, तर म्हणाले, "बसतो. आधी जरा बघतो." मग ते गाणं कमी करायला गेले. परत येऊन उशी लावली. मग पाणी कोमट मागवलं. ऑर्डर घ्यायला पोरगा आला तेव्हा त्यांनीच सांगितलं, एक सादा डोसा, बटाटा बिल्कुल नको.

"मसाला," काकू म्हणाल्या.

काका चपापले. पण पाहुण्यांची सूचना म्हणून त्यांनी ती मान्य केली आणि सांबार किती तिखट आहे ते बघायला आत गेले.

डोसा आला. काका आले, पुन्हा मागे उभे राहिले. आता इतका वेळ खांद्यावर नॅपकिन घेऊन उभं राहिलं की जे व्हायचं तेच झालं. पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "भैया, एक छोले भटूरे, दो कॉफी." आणि काकांनी, शपथेवर सांगते, "प्याज़ के साथ?" असं विचारलं आणि ते सांगायला आत गेले.

मला हसू आवरेना. मी काकूंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्यांच्यापुढे डोसा तसाच होता, मऊ पडायला लागलेला. भरलेल्या कॅफेत त्या आपल्या जागेवर ताठ बसून दाराकडे बघत होत्या, ज्या दारातून काका आत गेले होते. कुणीही त्यांच्या हाताकडे बघत नव्हतं. मला एकदम कळलं की त्यांनाही त्याची फिकीर नाही.

काका छोले भटुऱ्यांची व्यवस्था लावून परत आले. काकूंचा डोसा बघून घाबरले. "का गं? थंड आहे का? दुसरा सांगू?"

"बसा," काकू म्हणाल्या.

"बसतो. तू खा ना. मी आहे इथे."

"तुम्ही नेहमी इथेच असता हो. बसत नाही." काकूंचा आवाज हळू होता, पण अजिबात कापत नव्हता. "हाताची लाज वाटते, हे तुम्हीच ठरवलंत. मला कुठे विचारलंत? मी येत नव्हते, कारण मला माहीत होतं, मी बसणार आणि तुम्ही उभे राहणार. एकटीनं जेवायचं तर ते मी घरी जेवतेच. तुम्ही बसलात तर मी खाईन."

काका काहीतरी बोलणार होते. बहुधा गैरसोयीबद्दल. मग त्यांनी नॅपकिन खांद्यावरून काढला, घडी केला, कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, म्हणून मी तो घेतला. आणि ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, मुलाखतीला आल्यासारखे.

काकूंनी खायला सुरुवात केली. अंगठ्यानं दाबून, बोटांनी ओढून, डाव्या हातानं, काही न सांडता. सवय झालेली होती त्यांना. काकांसाठीही एक डोसा सांगितला होता. तो आल्यावर त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली सरकवला आणि डाव्यानं झटापट सुरू केली. पहिलाच तुकडा उडून माझ्या कॉफीत पडला.

काकूंनी बघितलं. "उजव्या हातानं खा," त्या म्हणाल्या. "एका घरात एक डावा पुरे."

तेव्हा मात्र त्या हसल्या. काकांनी उजवा हात बाहेर काढला. बराच वेळ दाबून ठेवल्यानं त्याला मुंग्या आल्या असाव्यात, ते तो झटकत राहिले. मग खायला लागले. त्यांच्या शेजारची मी आणि समोर काकू, आम्ही तिघंही खात होतो. गाणं पुन्हा मोठं झालं होतं, वाढदिवसवाले केक कापत होते, कुणाचंतरी मूल रडत होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की काकांचा डोसा अर्ध्यावरच थांबलाय. ते काकूंकडे बघत होते. काकूंनी कडेचा कुरकुरीत भाग संपवला होता, मऊ भाग संपवला होता आणि आतली बटाट्याची भाजी सगळी एका बाजूला सारून ठेवली होती. वाटीतली चटणी चाटूनपुसून झाली. आणि मग शेवटी त्यांनी ती भाजी जवळ ओढली आणि एकेक घास, डोळे अर्धवट मिटून, सावकाश खायला लागल्या. खाताना त्यांची मान किंचित डोलत होती.

काका माझ्याकडे किंचित झुकले.

"मॅडम," ते म्हणाले, "तिला बटाटा आवडतो."

"हो की," मी म्हटलं. "दिसतंय ना."

"मला वाटायचं आवडत नाही." त्यांना बोलायला अवघड जात होतं. "घरी आधी मी जेवायचो. मग ती. कधी पाणी प्यायला आत गेलो तर तिच्या ताटात बटाटा तसाच असायचा. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो, हिला बटाटा वाढू नका. सगळ्या लग्नांत सांगितलं. तो ती शेवटी खायला ठेवत होती. शेवटपर्यंत मी कधी थांबलोच नाही हो."

मला भरून आलं, आणि ते लपवण्यासाठी मी ती डोसा पडलेली कॉफी पिऊन टाकली.

बाहेर ई-रिक्षानं हॉर्न दिला. परतीसाठी ती काकांनीच सांगून ठेवलेली होती. सवयीनं ते अर्धे उठले. काकूंच्या ताटात अजून थोडी भाजी होती. काका खाली बसले, या वेळी खुर्चीत मागे टेकून.

रिक्षावाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. सतीश खिडकीजवळून विचारत होता, काका, त्याला काय सांगू?

"थांब म्हणावं," काका म्हणाले. "तिचं होऊ दे."